खडू, फळा आणि पडदा : प्राथमिक शिक्षकांची डिजिटल साक्षरता

साक्षरतेचा अर्थ काळानुसार बदलत आला आहे. स्वतःची सही करता येणे एवढ्यावर एके काळी समाधान मानले जाई. पुढे वाचन, लेखन आणि हिशेब या तिन्ही गोष्टींचा त्यात समावेश झाला. आज शासकीय दाखला, बँकेचा व्यवहार, शेतमालाचा भाव, रेल्वेचे तिकीट आणि मुलाचा शाळाप्रवेश या साऱ्या गोष्टी मोबाईलच्या पडद्यावर आल्या आहेत. अशा वेळी त्या पडद्यावरील माहिती शोधता येणे, ती पारखता येणे आणि आपल्या कामी लावता येणे ही साक्षरतेचीच पुढची पायरी ठरते. हिलाच डिजिटल साक्षरता म्हणतात.

प्राथमिक शिक्षकाच्या बाबतीत या साक्षरतेला आणखी एक परिमाण आहे. इतर नागरिक ती स्वतःसाठी मिळवितो. शिक्षकाला ती दुसऱ्याच्या शिकण्यासाठी वापरावयाची असते. संगणक सुरू करता येणे, पत्र टंकता येणे किंवा चित्रफीत लावता येणे ही त्याची केवळ सुरुवात होय. कोणत्या पाठाला पडदा उपकारक आहे आणि कोणत्या पाठाला चिंचोके व मातीच अधिक उपकारक आहेत, हे ठरविण्याची क्षमता शिक्षकाच्या अंगी आली तरच शाळेत आलेल्या यंत्रांचे चीज होते. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या परिसराच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

तीन शहरे, अनेक भाषा

मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर ही तीन शहरे ओळीने लागतात. परंतु प्रत्येकाची घडण निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागेवर फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी होऊन तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तेथील विभाग 'कॅम्प' या नावानेच ओळखले जातात. आयुधनिर्माणी आणि औद्योगिक वसाहतीमुळे अंबरनाथला देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील कामगार कुटुंबे स्थायिक झाली. बदलापूरची वाढ तर अलीकडची. २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेली कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २०११ मध्ये १ लाख ७४ हजारांवर गेली. त्याच वर्षी अंबरनाथची लोकसंख्या सुमारे २ लाख ५३ हजार, तर उल्हासनगरची ५ लाख ६ हजार होती.

शहरांच्या सीमा ओलांडल्या की मलंगगडाच्या पायथ्यापासून बारवी धरणाच्या परिसरापर्यंत गावे आणि ठाकूर व कातकरी समाजाचे पाडे लागतात. उल्हासनगरात महानगरपालिकेच्या, तर ग्रामीण भागात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा आहेत. म्हणजे अर्ध्या तासाच्या प्रवासात घरी सिंधी, हिंदी, मराठी किंवा कातकरी बोलणारी मुले निरनिराळ्या वर्गांत बसलेली आढळतात. काहींच्या घरी दोन-तीन मोबाईल असतात. काहींच्या घरचा एकुलता एक मोबाईल वडिलांबरोबर सकाळीच कामावर जातो. या दुसऱ्या गटातील मुलाला ज्ञानाच्या नव्या साधनांची ओळख करून देणारी एकमेव व्यक्ती म्हणजे त्याचा वर्गशिक्षक. त्या शिक्षकाची तयारी अपुरी राहिली तर ते मूल मागे पडेल आणि पुढे हे अंतर भरून काढणे अवघड होईल. प्रश्नाचे गांभीर्य येथे आहे.

चार दशकांचा अनुभव

शाळेत संगणक आणण्याचे प्रयत्न आपल्याकडे नवीन नाहीत. केंद्र शासनाने १९८४ मध्ये 'क्लास' या प्रकल्पाद्वारे निवडक शाळांना ब्रिटिश बनावटीचे 'बीबीसी मायक्रो' संगणक पुरविले. महाराष्ट्रात २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि त्याच्या 'एमएस-सीआयटी' अभ्यासक्रमाने गावोगावच्या लाखो लोकांना, त्यात फार मोठ्या संख्येने शिक्षकांना, संगणकाची ओळख करून दिली. २००४ मध्ये शाळांसाठी माहिती व संपर्क तंत्रज्ञानाची केंद्रीय योजना आली.

बदलापूरच्या पुढे त्याच रेल्वेमार्गावर असलेल्या कर्जत तालुक्यातील खैराट या वाडीत २००७ मध्ये एक वेगळा प्रयोग झाला. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक मोहिमेच्या भारतातील अगदी पहिल्या प्रयोगांपैकी तो एक होय. छोट्याशा प्राथमिक शाळेतील मुलांच्या हाती लहानसा, मजबूत लॅपटॉप देण्यात आला. याच मोहिमेचा मोठ्या प्रमाणावरील अनुभव दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाने घेतला. तेथील ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना लॅपटॉप मिळाले, त्यांचा वापरही वाढला. तथापि सुमारे १५ महिन्यांनंतर गणित आणि भाषा या विषयांतील प्रगतीत फरक दिसून आला नाही. यंत्रांची संख्या वाढली म्हणजे शिकणे आपोआप वाढते, ही समजूत या अभ्यासाने दूर केली.

याउलट शिक्षकाच्या पुढाकारातून उभे राहिलेले प्रयत्न टिकल्याचे महाराष्ट्रात दिसून आले. ठाणे जिल्ह्यातच, शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळेत श्री. संदीप गुंड यांनी लोकसहभागातून डिजिटल वर्ग उभा केला आणि तो इतर शाळांना मार्गदर्शक ठरला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर संकेतांची जोड दिली. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही असे संकेत छापले जाऊ लागले. श्री. डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. या दोन्ही शाळा लहान होत्या व साधने माफक होती. शिक्षकाने स्वतःच्या वर्गातील अडचण ओळखून तिच्यासाठी साधन योजले, हे दोहोंतील समान सूत्र होते.

'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने सुरू झाला आणि डिजिटल शाळांच्या प्रयत्नांना वेग आला. ५ सप्टेंबर २०१७ रोजी 'दीक्षा' या राष्ट्रीय शैक्षणिक व्यासपीठाचा प्रारंभ झाला. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा राज्याने 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' या भूमिकेतून दररोज अभ्यासमाला पाठविली, तर सह्याद्री वाहिनीवरून 'टिलीमिली' ही मालिका दाखविण्यात आली. त्या काळात ज्या शिक्षकांना साधनांची जाण होती त्यांनी आपल्या मुलांशी संपर्क टिकविला. ज्यांना केवळ यंत्र चालविता येत होते त्यांचे काम संदेश पुढे धाडण्यापुरते राहिले. दोहोंतील हा फरकच आजच्या प्रशिक्षणाचा विषय झाला पाहिजे.

पहिले कौशल्य : शोधणे आणि पारखणे

इंटरनेटवर माहितीचा तुटवडा नाही. विश्वसनीय माहिती वेचून काढणे हे खरे काम आहे. अंबरनाथच्या शिवमंदिराचेच उदाहरण घेऊ. मुलांना या मंदिराविषयी सांगावयाचे म्हणून शिक्षकाने शोध घेतला, तर पांडवांनी हे मंदिर एका रात्रीत बांधले, अशा आशयाचा मजकूर हमखास सापडतो. त्याच शोधात मंदिरातील शिलालेखाचाही उल्लेख मिळतो. तो शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, शिलाहार राजांच्या काळातील आहे. यांपैकी पहिली लोककथा होय आणि दुसरा पुरावा होय. दोन्ही गोष्टी वर्गात सांगण्यास हरकत नाही. मात्र कोणती गोष्ट कशाच्या आधारे सांगितली जाते, हे मुलांना कळले पाहिजे. तिसरी-चौथीच्या मुलांपुढे 'हे कोणी लिहिले? कशावरून लिहिले? दुसरीकडेही असेच दिले आहे काय?' हे तीन प्रश्न ठेवले, तरी पारखण्याची सवय त्यांना लागू शकते.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या साधनांमुळे या कौशल्याची निकड वाढली आहे. ही साधने क्षणात प्रश्नपत्रिका, गोष्ट किंवा पाठाचे टाचण तयार करून देतात. परंतु त्यांची भाषा सफाईदार असली तरी तपशील चुकीचा असू शकतो. मराठीतील ऱ्हस्व-दीर्घाच्या आणि लिंगाच्या चुकाही त्यांत आढळतात. अशा मजकुराकडे शिक्षकाने कच्चा मसुदा म्हणून पाहावे आणि पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहिल्याविना तो मुलांच्या हाती देऊ नये.

दुसरे कौशल्य : मुलाच्या भाषेत आणणे

लहान मूल घरच्या भाषेतून शाळेच्या भाषेकडे येते. म्हणून साधन मुलाच्या भाषेत आणण्याचे कसब प्राथमिक शिक्षकाला विशेष उपयोगी पडते. याची सुरुवात शुद्ध देवनागरी टंकलेखनापासून होते. जुन्या प्रकारच्या फॉन्टमध्ये टंकलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी अनोळखी खुणा दिसतात, हा अनुभव अनेक शाळांना आहे. याचे कारण असे की, त्या फॉन्टमध्ये प्रत्येक उत्पादकाने अक्षरांना स्वतःचे क्रमांक दिलेले असत. युनिकोड या जागतिक पद्धतीत प्रत्येक अक्षराचा क्रमांक एकच असतो. त्यामुळे एकदा तयार केलेला मजकूर कोणत्याही संगणकावर किंवा मोबाईलवर तसाच उमटतो, शोधता येतो आणि वर्षानुवर्षे वापरता येतो. इन्स्क्रिप्ट कळफलक शिकण्यास काही दिवसांचा सराव पुरतो आणि तो एकदा आला की त्याच मांडणीवर हिंदी व देवनागरी सिंधीही टंकता येते.

उल्हासनगरच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. सिंधी भाषा अरबी वळणाच्या आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत लिहिली जाते. श्वास आत ओढून उच्चारावयाच्या तिच्या चार ध्वनींसाठी देवनागरीत खाली रेघ असलेली ॻ, ॼ, ॾ, ॿ ही अक्षरे वापरतात. २००६ पासून ती युनिकोडमध्ये समाविष्ट आहेत. सिंधी मुलांसाठी शब्दपट्ट्या तयार करणाऱ्या शिक्षकाला ही अक्षरे हाताने काढण्याची आता गरज उरलेली नाही.

पाड्यावरील शाळेत याहून सोपे साधन उपयोगी पडते. मोबाईलवरील ध्वनिमुद्रण हे ते साधन होय. गावातील आजीकडून कातकरी किंवा ठाकरी बोलीतील गोष्ट तिच्या संमतीने मुद्रित करावी, ती पहिलीच्या वर्गात ऐकवावी आणि मग त्यातील पाच-सहा शब्द प्रमाण मराठीतील शब्दांशेजारी फळ्यावर लिहावेत. यासाठी इंटरनेट लागत नाही, खर्च येत नाही आणि आपल्या घरची भाषा शाळेत ऐकू आली म्हणून मूल बोलते होते.

तिसरे कौशल्य : पाठात गुंफणे

चित्रफीत लावली आणि मुले शांत बसली, याला पाठ म्हणता येत नाही. मुलांनी पाहावे, थांबावे, सांगावे आणि करावे, असा क्रम असेल तरच पडदा शिकण्यास साह्य करतो. परिसर अभ्यासातील एक पाठ असा घेता येईल. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वालधुनी नदी वाहते आणि उल्हासनगरातून पुढे कल्याणकडे जाऊन उल्हास नदीला मिळते. प्रारंभी मुलांनी आपल्या आठवणीने या नदीचा मार्ग कागदावर काढावा. त्यानंतर शिक्षकाने पडद्यावर उपग्रहातून घेतलेला नकाशा दाखवावा. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे 'भुवन' हे संकेतस्थळ त्यासाठी उपलब्ध आहे. आपली शाळा, रेल्वेमार्ग, मंदिर आणि कारखाने मुलांनी शोधावेत. मग पडदा बंद करून त्यांनी आपले पहिले चित्र दुरुस्त करावे. शेवटी, पाण्याचा रंग कोठे व का बदलतो, यावर घरी चर्चा करून दोन वाक्ये लिहून आणावीत.

या संपूर्ण पाठात पडद्याचा उपयोग दहा-बारा मिनिटांचाच आहे. परंतु त्याने जे दाखविले ते फळ्यावर दाखविता आले नसते. याउलट बेरजेतील हातचा शिकविताना काड्यांचे गठ्ठे मुलांच्या हाती देणे कोणत्याही चित्रफितीपेक्षा सरस ठरते. संयुक्त राष्ट्रांच्या 'युनेस्को' या संघटनेने २०२३ च्या आपल्या जागतिक शिक्षण अहवालात हाच मुद्दा मांडला आहे. तंत्रज्ञान शिकणाऱ्याच्या हितासाठी आणि शिक्षकाला पूरक म्हणून वापरावे, असे त्याचे सार आहे.

चौथे कौशल्य : नोंदी वाचणे

शाळेतून वर जाणारी माहिती भरण्यात शिक्षकाचा बराच वेळ जातो. 'सरल', 'यू-डायस' अशा प्रणालींमुळे ही माहिती एकत्र होते आणि नियोजनाला उपयोगी पडते, हे खरे. तथापि माहिती भरणे हे एक काम आणि ती वाचून वर्गात निर्णय घेणे हे दुसरे. दुसऱ्या कामाची सवय अजून रुजावयाची आहे.

समजा, दुसरीच्या वर्गात ३० मुले आहेत. शिक्षकाने एका साध्या तक्त्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढे अक्षर, शब्द, वाक्य किंवा उतारा यांपैकी तो ज्या पायरीवर वाचतो ती पायरी दर महिन्याला नोंदविली. तिसऱ्या महिन्यात तो तक्ता पायरीनुसार लावला तर जून ते ऑगस्ट सतत 'अक्षर' याच पायरीवर राहिलेली पाच मुले एका दृष्टिक्षेपात समोर येतात. त्यांच्या उपस्थितीचा रकाना शेजारी ठेवला तर त्यांपैकी तिघांची गैरहजेरी अधिक असल्याचे दिसू शकते. म्हणजे तिघांच्या घरी भेट द्यावयाची आणि दोघांना वर्गात अधिक वेळ द्यावयाचा, हे ठरविता येते. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे हिशेब करता यावेत, हे ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाचे उद्दिष्ट आहे. ते साधण्याचा मार्ग अशा तक्त्यांतून जातो.

पाचवे कौशल्य : बालकाची सुरक्षितता

२०२४ च्या 'असर' अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी त्याचा वापर केलेली मुले सुमारे ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापर केलेली सुमारे ७६ टक्के होती. प्राथमिक शाळेतील मूल तीन-चार वर्षांत याच वयोगटात दाखल होणार आहे. अनोळखी व्यक्तीशी बोलू नये, आपला पत्ता व छायाचित्र कोणालाही पाठवू नये, भीती वाटली तर शिक्षकांना किंवा आईवडिलांना लगेच सांगावे, या गोष्टी रस्ता ओलांडण्याच्या नियमांइतक्याच सहजपणे प्राथमिक वर्गातच शिकविल्या पाहिजेत.

शिक्षकाचे स्वतःचे वर्तनही यात येते. शाळेच्या कार्यक्रमात मुलांची छायाचित्रे नाव व गावासह सर्वांसाठी खुली करण्याची पद्धत पडली आहे. ती थांबणे इष्ट होय. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये केंद्रीय अधिनियम संमत झाला असून बालकाच्या माहितीचा वापर करण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी, हे तत्त्व त्यात अंतर्भूत आहे. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या दुःखद घटनेनंतर बालसुरक्षेचा प्रश्न साऱ्या राज्यापुढे आला. अशा प्रसंगी पीडित बालकाची ओळख उघड होईल असा कोणताही मजकूर पुढे पाठविणे कायद्याने निषिद्ध आहे. आलेला संदेश न पाठविता थांबविणे, हीदेखील डिजिटल साक्षरताच होय.

प्रशिक्षणाची दिशा

ही कौशल्ये दोन दिवसांच्या व्याख्यानांतून येत नाहीत. ती वर्गात करून पाहिल्याने येतात. युनेस्कोने २०१८ मध्ये शिक्षकांसाठी तंत्रज्ञानविषयक क्षमतांची जी चौकट प्रसिद्ध केली तीत ज्ञान मिळविणे, ते सखोल करणे आणि नवे ज्ञान निर्माण करणे अशा तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. आपली बहुतेक प्रशिक्षणे पहिल्या पायरीवर थांबतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा केली आहे. हे तास केवळ पडद्यासमोर बसून प्रमाणपत्र मिळविण्यात खर्च होऊ नयेत.

या परिसराला एक अनुकूलता लाभली आहे. ठाणे जिल्ह्याची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था अंबरनाथ तालुक्यातच, बदलापूरनजीक रहाटोली येथे आहे. तिचे मार्गदर्शन आणि केंद्र पातळीवरील शिक्षण परिषदा यांची सांगड घालून पुढील क्रम आखता येईल. प्रत्येक परिषदेत एकच कौशल्य घ्यावे. एका शिक्षकाने आपल्या वर्गात केलेला पाठ इतरांपुढे मांडावा. यंत्र नीट चालले नाही तेव्हा काय केले, तेही सांगावे. पुढील महिनाभर प्रत्येकाने तो पाठ आपल्या वर्गात करून पाहावा आणि त्यानंतरच्या परिषदेत मुलांच्या वह्या आणाव्यात. तरुण शिक्षकाला साधनांची सवय असते, ज्येष्ठ शिक्षकाला मुलांची पारख असते. अशा दोघांची जोडी केल्यास दोघेही शिकतात. महानगरपालिका, नगरपरिषदा आणि जिल्हा परिषद यांच्या शाळांतील शिक्षक वर्षातून एक-दोन वेळा एकत्र आले, तर सिंधी शब्दपट्ट्या, कातकरी गोष्टी आणि वालधुनीचा पाठ यांची देवाणघेवाणही होईल.

पर्यवेक्षण करणाऱ्या अधिकाऱ्यांनीही आपले प्रश्न बदलणे आवश्यक आहे. 'शाळेत किती संच आहेत?' याबरोबर 'गेल्या आठवड्यात कोणत्या पाठासाठी वापरला आणि मुलांना काय आले?' असे विचारले गेले की शिक्षकाचे लक्ष आपोआप योग्य गोष्टीकडे वळेल.

स्थानिक संस्थांचा वाटा

शिक्षक कितीही कुशल असला तरी वीज नसेल तर त्याचा उपाय चालत नाही. थकलेले वीजबिल, बिघडलेला संच, कालबाह्य झालेली बॅटरी या किरकोळ वाटणाऱ्या कारणांनी साधने कपाटात पडून राहतात. ग्रामपंचायतीने आपल्या वार्षिक विकास आराखड्यात शाळेच्या विजेसाठी आणि देखभालीसाठी तरतूद सुचवावी. 'भारतनेट' योजनेतून जोडणी ग्रामपंचायत कार्यालयापर्यंत आली असेल, तर ती शाळेपर्यंत नेण्याचा पाठपुरावा करावा. जोडणी नसली तरी काम अडत नाही; 'दीक्षा'वरील साहित्य जोडणी असलेल्या ठिकाणी उतरवून घेऊन नंतर जोडणीविना वर्गात दाखविता येते.

उल्हास नदीच्या काठच्या शाळांनी पावसाळ्याचाही विचार करावा. २६ जुलै २००५ चा पूर आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस येथील रहिवाशांच्या स्मरणात आहे. संगणक आणि प्रोजेक्टर जमिनीपासून उंच ठेवणे, शक्य तेथे वरच्या मजल्यावर हलविणे आणि महत्त्वाच्या नोंदींची प्रत अन्यत्र राखणे, ही खबरदारी दर वर्षी मे महिन्यातच घेतली पाहिजे.

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. या समितीच्या बैठकीत एखादा डिजिटल पाठ प्रत्यक्ष करून दाखवावा. मूल मोबाईलवर काय शिकते आणि कोठे सावध राहावे, हे मातांना कळले तर घरातील मोबाईलचाही थोडा वेळ अभ्यासाकडे वळेल.

खडू आणि फळा यांनी पिढ्यान् पिढ्या शिक्षकाला साथ दिली, कारण त्यांचा वापर कधी आणि कशासाठी करावयाचा हे शिक्षक जाणत होता. पडद्याविषयी हीच जाण प्रत्येक प्राथमिक शिक्षकाला येईपर्यंत प्रशिक्षणाचे काम पूर्ण झाले असे मानता येणार नाही. उल्हासनगरच्या कॅम्पमधील, अंबरनाथच्या कामगार वस्तीतील आणि बारवीकाठच्या पाड्यावरील मुलाला सारख्याच दर्जाचा पाठ मिळावा, हे या कामाचे माप होय. त्याची सुरुवात येत्या शिक्षण परिषदेत एका कौशल्याने आणि एका पाठाने करता येण्याजोगी आहे.